साडेसात सूत लांब पातं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे पात्याला वार्निश लावलं ते. मी लावलं, तिने बघितलं.

घाटकोपरला डोंगराच्या उतारावर आमची खोली. बाहेर दोन माणसं बसतील एवढा ओटा. त्या ओट्यावर पवनचक्कीचं पाच फुटी सागवानी पातं दोन स्टुलांवर आडवं टाकून मी ब्रश मारत होतो, आणि ही उंबऱ्यात बसून लसूण सोलत होती. मी पॅटर्नमेकर. म्हणजे कारखान्यात लोखंड-पितळ ओतायच्या आधी त्या वस्तूचा हुबेहूब लाकडी नमुना लागतो, तो करणारा सुतार. चाळीस वर्षं फाइल, सरस आणि पॉलिशपेपर यांत माझ्या अंगठ्यांची कातडी मेली. विस्तव उचलीन, पण वार्निश सुकलंय की चिकट आहे ते मला कळत नाही. ते काम हिचं. पट्टी दे म्हटलं की पेटीतून पट्टी द्यायची, आणि मी हाक मारली, "सुकला काय बघ गो," की हातातलं टाकून यायची, खालच्या बाजूला कुणाला दिसणार नाही अशा जागी अंगठा टेकायची आणि सांगायची.

त्या दिवशी घाईत तिने वरच्या बाजूला, अगदी टोकाजवळ अंगठा टेकला. वार्निश ओलं. अंगठा उमटला, रेघांसकट.

मी तोंड सोडलं. "लसणीचे हात घेऊन इली. आता ह्यां कोण घासतलो?"

"ऱ्हवांदे," ती म्हणाली. "वाऱ्यात फिरतला तां. वाऱ्याक काय वाचूक येता?"

घासून दुसरा हात मारणार होतो. पण तिसऱ्या दिवशी कॉलेजची माणसं टेम्पो घेऊन आली आणि तिन्ही पाती घेऊन गेली. आठव्या दिवशी दुपारी चहा ठेवते म्हणाली, स्टोव्हपाशी बसली, ती उठली नाही. यावर मी जास्त लिहिणार नाही.

नंतर तीन महिने मला घरात बसवेना. सकाळी उठून स्टेशनापर्यंत जायचं, काही न घेता परत यायचं. शेजारी रंगीत टीव्ही बघायला बोलवायचे, पाच मिनिटांत उठायचो. एक दिवस आठवलं, तो अंगठा अजून पात्यावर असेल. तिला सही येत नव्हती. जन्मभर जिथं तिथं निळा अंगठा दिला, ते सगळे कागद कचेऱ्यांत गेले. फोटो एक, तोही दुसऱ्याच्या लग्नातला, त्यात ही अर्धी खांबाआड. तेव्हा ठरवलं, जायचं आणि पातं परत आणायचं. बदल्यात नवं करून देऊ.

आमच्या गाववाल्यांच्या मंडळाचे चिटणीस म्हणाले, जाऊन आलास तर अंकासाठी लिही. काशीला जाऊन आलेल्यांचं ते दरवर्षी छापतात. मी बोरिवलीच्या पुढं एक खाडी ओलांडली, एवढंच. पण लिही म्हणाले, तर लिहितो. शिक्षण चौथी, शुद्धलेखन त्यांनी बघावं.

बुधवार, खाडीपलीकडे

घाटकोपरहून बसने अंधेरी, तिथून बोरिवली. यात सांगण्यासारखं काही नाही, माणसं रोज जातात. बरोबर हत्यारांची पेटी घेतली होती. गरज नव्हती, पण मिस्त्री पेटीशिवाय बाहेर पडला की चड्डी विसरल्यासारखं वाटतं.

खाडीवर होडी लागते. दोन्हीकडे तिवराची झाडं, मुळं वर काढून उभी. पाणी ओहोटीला गेलेलं, त्यामुळे होडीपर्यंत चिखलातून जायचं. माझी डावी चप्पल चिखलाने खाल्ली. बायका टोपल्या डोक्यावर घेऊन सरळ चालत गेल्या आणि मी एका पायात चप्पल घेऊन करकोच्यासारखा उभा. एक म्हणाली, "दुसरी पण दे त्याला, जोडी तरी होल त्याची." मी दिली फेकून. पलीकडे टांगे उभे होते, पण मी चालत निघालो. गोराई गावात शिरेपर्यंत मी अनवाणी होतो आणि बरं वाटत होतं, कारण चालताना काहीतरी टोचत होतं.

नलिनीबाई गावाच्या टोकाला फिलीप नावाच्या मच्छीमाराकडे उतरल्या होत्या. या बाई कॉलेजात शिकवतात. तिशीच्या आसपास वय, चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला, उन्हाने नाक सोललेलं. पाती करायचं काम त्यांनीच माझ्याकडे आणलं होतं. फिलीप आणि त्याची बायको मार्था हे जुने गोराईकर, ख्रिस्ती, मराठी आपल्यासारखीच, फक्त जरा ओढून. दारावर क्रूस, दाराखाली रांगोळी.

मी उंबऱ्यातच कामाचं बोललो. "बाय, माझं तिसरं पातं मला परत पाहिजे."

"काय झालं मिस्त्रीकाका? खोट निघाली का?"

"खोट नाही. माझं काम आहे."

तिने विचारलं नाही काय काम. म्हणाली, "शनिवारी दुपारी माझे वरचे लोक बघायला येणार आहेत. तोपर्यंत चक्की फिरती पाहिजे. त्यांना पटलं तर पावसाळ्यानंतर पुढचं काम, नाही तर चक्कीखालचा तराफा भंगारात. शनिवारी संध्याकाळी तुम्ही स्वतः काढून न्या. चालेल?"

"चालेल."

तीन दिवस थांबायचं ठरलं. तीन दिवस एका जागी थांबणं म्हणजे त्या वेळी मला शिक्षा होती. मार्थाने फुगे वाढले. म्हणजे मैद्याचे तळलेले गोळे, आत पोकळ. सोबत सुक्या बोंबलाचं कालवण, त्यात त्यांचा बाटलीतला मसाला. आमच्या मालवणी मसाल्यापेक्षा तिखट कमी, वास जास्त. मी चार खाल्ले आणि उठून दाराबाहेर गेलो. फिलीप म्हणाला, "जेवताना कुठं चाललास रे मिस्त्री?" मलाच माहीत नव्हतं. परत येऊन पाचवा खाल्ला.

गुरुवार, तराफा

तुमच्यापैकी पुष्कळांनी पवनचक्की चित्रात बघितली असेल, जमिनीत रोवलेली. ही पाण्यात होती. किनाऱ्यापासून वल्ह्याने अर्ध्या तासावर आठ तेलाची पिंपं बांधून वर फळ्या ठोकलेल्या, त्यावर पंधरा फुटी पाइप, पाइपच्या डोक्याला माझी तीन पाती. नांगराच्या दोऱ्या चार बाजूंना. दिवसा वाऱ्याने बॅटरी भरायची आणि अंधार पडला की वरचा दिवा लावायचा, म्हणजे बोटींना खडक कळेल आणि रॉकेल लागणार नाही. फिलीपला त्यात रस तेवढ्यासाठी. बाईला रस दुसऱ्याच गोष्टीत.

ती गोष्ट तिने मला सकाळी वाळूवर समजावली. मार्था वाळलेला जवळा सुपाने पाखडत बसली होती, आम्ही बाजूला.

"काका, जमिनीवरच्या चक्कीला वारा येतो तेवढाच मिळतो," बाई म्हणाली. "तराफा डुलतो. समजा तुम्ही झोपाळ्यावर बसलात..."

"झोपाळे पैसेवाल्यांकडे. दुसरं काही सांग."

ती अडली. मग मीच मार्थाकडे बोट केलं. सूप पुढं ढकललं की वारा अंगावर येतो, कचरा उडतो. तेच सूप वाऱ्याबरोबर मागं घेतलं की वारा पडल्यासारखा, कचरा जागच्या जागी. वारा तोच असतो. हात हलतो.

"हेच," बाई म्हणाली. "तराफा वाऱ्याच्या तोंडावर झुकला की खांबाचं डोकं पुढं येतं. चक्कीला वाटतं वारा वाढला. मागं कलला की वाटतं पडला. वारा एवढासा वाढला तरी पात्यांवरचा जोर कितीतरी वाढतो. म्हणजे एकसारख्या वाऱ्यातही पात्यांना धक्के बसत राहतात."

तेवढ्यात मार्थाने सूप झटक्यात मागं ओढलं आणि स्वतःच उडवलेली धूळ तिच्याच नाकात गेली. ती शिंकली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "तुमी दोगं बघत बसा. मी मरते."

बाई उठून उभी राहिली. "हे पण. अगदी हे. चक्की वाऱ्यातला जोर काढून घेते, मागं जातो तो दमलेला, गरगरणारा वारा. तराफा जोरात मागं गेला तर पाती त्याच वाऱ्यात शिरतात. मला तेच पकडायचं आहे कागदावर."

"उष्टा वारा," मी म्हटलं.

तिने वही काढून लिहून घेतलं. आमच्या घरात माझा शब्द वहीत घेणारं कोणी नव्हतं. मला उगाच ताठ झाल्यासारखं वाटलं.

दुपारी वारा सुटल्यावर फिलीपच्या होडीतून गेलो. माणगावात नदीकाठी जन्मलो तरी दर्यात मी कधी गेलो नव्हतो. तराफ्याला होडी बांधली तेव्हा तराफा एका तालात डुलत होता, होडी दुसऱ्या, आणि माझं पोट तिसऱ्या. सकाळची भाकर गेली.

"मिस्त्री, दर्या पोटात घ्यायचा नसतो," फिलीप म्हणाला. "लांब किनाऱ्याकडे बघ. आणि उलटी वाऱ्याच्या बाजूला करू नको, बाईच्या वहीवर आली."

होडीत एक पत्र्याची पेटी होती. तराफ्यावरून तारा त्यात आलेल्या, आत कागदाची गुंडाळी हळूहळू सरकायची आणि पेन त्यावर रेघ काढायचा. खांब वाऱ्याने किती वाकतो त्याची ती रेघ. बाईने बोट ठेवून दाखवलं. मोठी चढण, मोठी उतरण, पुन्हा चढण. तराफा डुलेल तशी. आणि त्या चढणीवर करवतीसारखे बारीक दात.

"हे दात बघा," ती म्हणाली. "आधी मला कळेना कुठून येतात. पात्यांत फरक असता तर असे आले असते, पण पाती तुम्ही केली, काट्यावर तोलली. त्यांत खोट नाही असं मी लिहूनच ठेवलंय. मग राहिला उष्टा वारा. शनिवारी हेच सांगणार आहे."

मी वर बघितलं. चक्की फिरत होती. अंगठ्याचं पातं कोणतं ते मला खालून दिसत नव्हतं, तरी शोधत होतो. शोधता शोधता कान लागला. लेथवर काम केलेल्या माणसाचा कान आपोआप लागतो. पात्यांच्या चाकातून एक "हुं" येत होता. वारा हलका होता, फेरे मोजता येत होते. एक फेरा, एक हुं. तराफा एकदा पुढं जाऊन मागं येईपर्यंत सहा-सात फेरे. मी कागदाकडे बघितलं. एका मोठ्या डोंगराला दात सहा-सात. चढणीवर जेवढे, उतरणीवर तेवढेच.

उष्ट्या वाऱ्याचे असते तर तराफा मागं जाताना आले असते. हे सतत येत होते. चारच्या सुमारास भरती थांबली, वारा होता पण लाट बसली, तराफा जवळजवळ स्थिर झाला. मोठे डोंगर सपाट झाले. दात तसेच.

दोष चाकात होता. म्हणजे पात्यात होता. म्हणजे माझ्यात होता.

बाई म्हणाली, "काका, अजून मळमळतंय का?" मी म्हटलं, "हो."

संध्याकाळभर मी फिलीपच्या दारातून पाण्यापर्यंत आणि पाण्यापासून दारापर्यंत चालत होतो. फिलीप जाळं विणत होता. दहाएक फेऱ्यांनंतर म्हणाला, "बस की रे मेल्या. वाळू झिजवशील, मग सरकार मलाच विचारेल." मी बसलो आणि पुन्हा उठलो. बोललो तर पाती उतरवून तासावी लागणार. गप्प राहिलो तर शनिवारी पातं अख्खं माझ्या हातात येणार होतं. बाई जे सांगायचं ते सांगेल. वाऱ्याला वाचता येत नाही, आणि वरच्या लोकांना तरी कुठं येतं.

शुक्रवार, दोन पट्ट्या

सकाळी वारा नसतो. फिलीप जाळी बघायला निघाला तसा मी म्हटलं, मला तराफ्यावर सोड, येताना घे. चाक दोरीने बांधलेलं होतं. खांबाला पाय ठेवायला खिट्ट्या आहेत, त्यावरून चढलो. सत्तरीला आलेला माणूस खांबावर, खाली दर्या. पोटात काही नव्हतं म्हणून बरं.

सुतळी घेतली. पहिलं पातं बुडापासून टोकापर्यंत मापलं, सुतळीला गाठ मारली. दुसरं मापलं, गाठ बरोबर टोकावर. तिसरं मापलं. गाठ टोकाच्या आधीच आली, आणि पुढं जवळजवळ इंचभर लाकूड शिल्लक. त्या लाकडाच्या कडेलाच हिचा अंगठा. मिठाने वार्निश जरा पांढरं झालं होतं. रेघा होत्या. मी पुन्हा मापलं. मग अजून एकदा.

खाली उतरून पेटी उघडली. पेटीत माझ्या दोन पोलादी पट्ट्या असतात. एक साधी. दुसरी श्रिंकेजची. ही काय ते सांगतो. ओतलेलं पितळ थंड होताना आकसतं. म्हणून नमुना थोडा मोठा करावा लागतो, आणि दरवेळी हिशोब नको म्हणून पट्टीच मोठी बनवलेली असते. तिच्यावर एक फूट लिहिलेलं असतं, पण तो खऱ्या फुटापेक्षा दीड सूत मोठा. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आकडे तेच, रंग तोच, फक्त मागं बारीक अक्षरात लिहिलेलं. दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्या. फुटाला दीड सूत, पाच फुटांना साडेसात सूत. इंचाला अर्धं सूत कमी. सुतळीने दाखवलं तेवढंच.

लाकडी पातं काही ओतायचं नसतं, की थंड होऊन आकसेल. ही चूक दुसरा सुतार करणार नाही, त्याच्याकडे दुसरी पट्टीच नसते. आमच्यासारख्यानेच करावी. तिसरं पातं जड भरलं तेव्हा मला वाटलं लाकूडच घट्ट निघालं. मी पहिल्या दोन्हींच्या टोकाला भोकं पाडून शिसं भरलं आणि काट्यावर तिन्ही सारखी करून टाकली. काट्याला वजन कळतं. वारा लांबी-रुंदी बघतो.

आणि पट्टी दिली होती हिने. तिसरं पातं आखतानाचं मला आठवलं. आमचं कशावरून तरी जुंपलं होतं, बहुतेक माझ्या तंबाखूवरून. मी न बघता हात मागं केला, "पट्टी दे," आणि तिने दिली ती घेतली. तीस वर्षं घरी नमुने करताना ती मला श्रिंकेजचीच देत आली. तिची काय चूक. बघायचं मी होतं.

फिलीप परत आला तेव्हा मी पट्ट्या मांडीवर घेऊन बसलो होतो. त्याने विचारलं काही नाही. किनाऱ्यावर आल्यावर म्हणाला, "चल, पाच मिनिटं माझं काम हाय." त्यांच्या देवळामागच्या, म्हणजे चर्चमागच्या, दफनभूमीत गेला. बापाच्या थडग्यावरचं गवत उपटलं, नावावर साचलेली वाळू पंजाने झाडली. मार्था दर शुक्रवारी फुलं ठेवते म्हणाला.

"तुमच्याकडे काय करतात?"

"जाळतात. राख पाण्यात."

"मग बसायचं असलं तर कुठं जाऊन बसतोस?"

"बसत नाही," मी म्हटलं. "म्हणून तर तुझी वाळू झिजवतोय."

तो हसला आणि मग हसायचा थांबला. "कोण गेलं रे?"

मी सांगितलं. आनंदी नाव होतं, तेही सांगितलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा ते नाव तोंडातून काढलं, कारण आमच्यात नवरा बायकोला नावाने हाक मारत नाही आणि ती असताना गरज पडली नाही. मग पात्याचं, अंगठ्याचं आणि पट्टीचं सगळं त्याला सांगितलं. फिलीप म्हणाला, "शनिवारपर्यंत तोंड बंद ठेव. कोणाला कळतंय?"

"मला पण तेच वाटलं."

"मग?"

"उद्या वरचे लोक गेले आणि परवा कोणी मापलं तर? त्या पोरीने वहीत लिहिलंय, मिस्त्रीच्या कामात खोट नाही."

फिलीपने हात झटकले. "मग जा. इथं काय करतोस?"

बाई घरात कागदाच्या गुंडाळ्या पसरून बसली होती. मी दोन्ही पट्ट्या तिच्यापुढं ठेवल्या. "दात उष्ट्या वाऱ्याचे नाहीत. माझे आहेत. तिसरं पातं साडेसात सूत लांब आहे." पट्टी कोणी दिली ते सांगितलं नाही. चुकीची घेतली एवढं म्हटलं.

ती पट्ट्यांकडे बघत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "तीन आठवडे मी त्या दातांवर..." म्हणाली, आणि वाक्य टाकून दिलं. मग, "नवं पातं किती दिवसांत होईल?"

"सागवान असलं तर पाच. तुझ्याकडे एक दिवस आहे. कापायला अर्धा तास."

आम्ही दुपारच्या आत तिन्ही पाती उतरवून आणली. मार्थाच्या अंगणात दोन टोपल्या उपड्या घालून त्यावर तिसरं आडवं टाकलं. साध्या पट्टीने माप घेतलं, पेन्सिल लावली. रेघ अंगठ्याच्या बरोबर मधून गेली. मी दुसऱ्यांदा माप घेतलं. पेन्सिल तिथंच आली.

बाई वाकली. "हा डाग कसला?"

"माझ्या बायकोचा अंगठा. याच्यासाठीच आलो होतो."

ती सरळ झाली. "काका, मग नको. मी त्यांना सांगेन, एक पातं लांब आहे, पुढच्या वेळी बदलू."

"आणि ते म्हणतील पात्याचा दोष कुठला आणि तराफ्याचा कुठला, वेगळं करून दाखव. तेव्हा काय दाखवशील? धर तिकडून. हलू देऊ नको."

तिने धरलं. मी बारीक दातांची करवत लावली. सागवान कापताना गोड वास येतो, तो आला. तुकडा सुटला तो मार्थाने वरच्यावर झेलून माझ्या हातात दिला, खाली पडू दिला नाही. त्याच्यावर अंगठ्याचा वरचा अर्धा भाग. खालचा अर्धा पात्यावर. मी तुकडा तंबाखूच्या डबीत टाकला. तंबाखू बाहेर काढून टाकली होती. ही हयात असती तर म्हणाली असती, यासाठी मरावं लागलं.

कडांवरूनही रंधा फिरवला, कारण रुंदीही त्याच पट्टीची होती. इतर दोन पात्यांतलं शिसं उकरून काढलं, पुन्हा तोललं. चारला चाक वर चढलं. वारा चांगला होता, लाटही होती. मला उलटी झाली नाही, वेळच नव्हता.

पेन चालू झाला. डोंगर, उतरण, डोंगर. दात गेले. सगळे नाही. बाईने कागदावर नाकच टेकवलं. लाट मोठी यायची, तराफा झपकन मागं जायचा, तेवढ्यापुरती रेघ थरथरायची. पुढं जाताना गुळगुळीत.

"मागं जातानाच," ती म्हणाली. "बघा. फक्त मागं जातानाच."

"मग आहे ना तुझा उष्टा वारा."

"आहे. पण एवढासा. काल मी याच्या दहापट सांगणार होते."

फिलीप म्हणाला, "एवढासा तर एवढासा, खरा तरी हाय. दिवा लागतो का ते सांगा." दिवा लागला.

शनिवार, सकाळी

कापलेलं लाकूड उघडं राहिलं तर खारं पाणी पितं, फुगतं. म्हणून उजाडताच पातं पुन्हा उतरवून आणलं होतं. अंगणात त्याच दोन टोपल्यांवर ठेवून कापलेल्या टोकाला वार्निश मारलं. पात्यावर राहिलेल्या अर्ध्या अंगठ्यावर ब्रश जाऊ दिला नाही. पेटीत वार्निश होतंच. मार्था चुलीपाशी बोंबील भाजत होती, बाई घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होती. या खेपेला ती फिरत होती, मी बसलो होतो.

ऊन वर आलं. मी अंगठा टेकला. काही कळलं नाही, लाकूड की काच की काय. पुन्हा टेकला. आणि सवयीने घराकडे तोंड करून हाक मारली, "सुकला काय बघ गो."

हाक गेल्यावर मला कळलं. मार्था दारात आली होती. तिने माझ्याकडे बघितलं, मग हात पदराला पुसले. "कुठं लावू?"

"खालच्या बाजूला. दिसणार नाही असं."

तिने अंगठा हळूच टेकला, उचलला, नाकाशी नेऊन वास घेतला. "अजून धरतंय."

बाई म्हणाली, "काका, पलीकडे धक्क्यावर ते लोक आले असतील."

"थांबतील," मी म्हटलं, आणि पातं उन्हाकडे फिरवून ठेवलं.